उभी गाडी, निळा धूर आणि खालचा डाग

या वेळी घाटंजीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. "भाऊ, बाबाची स्प्लेंडर तीन सालापासून गोठ्यात उभी हाये. किक मारली का निळा धूर निंघते अन् खालून ऑइल गयते. मिस्त्री म्हणते इंजिन खोला लागते. खरंच खोला लागते का?"

लागेलही. पण इंजिन एकदा खोललं की रिंग, पिस्टन, बोअर असा खर्च वाढत जातो. त्याआधी घरच्या घरी बरंच काही कळतं, ते आज बघू.

सगळ्यात आधी किक मारणं थांबवा. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि डिपस्टिक काढा. पुसून परत आत नुसती टेकवा, आटे फिरवू नका. ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसतंय का? मग वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरमधली फ्लोटची नीडल नीट बसत नसणार. पेट्रोल कॉक चालू राहिला, ओव्हरफ्लोची नळी मातीने बुजली, की पेट्रोल सिलेंडरमधून झिरपत ऑइलमध्ये उतरतं. हे ऑइल इतकं पातळ होतं की त्याने बेअरिंग वाचत नाही. आणि पातळी वाढल्यामुळे धूरही येतो, गळतीही होते. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं! इलाज : नीडल बदला, ऑइल बदला. एक लिटरच्या आतबाहेरचा मामला आहे.

ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर त्यात पाणी गेलंय. स्प्लेंडर एअर-कूल्ड आहे, कूलंट वगैरे काही नसतंच, त्यामुळे हे पाणी बाहेरचं. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी आणि पावसाळ्यात सगळं दमट, इंजिनच्या आतही ओल धरते.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. एअर फिल्टरचा डबा उघडा, गोठ्यातल्या गाडीत उंदराचं घरटं सापडणं काही नवल नाही. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने माती भरलीये का तेही बघा.

मग प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, चावी बंद ठेवून किक हाताने दहा-बारा वेळा सावकाश दाबा. रिंगा चिकटल्या असतील तर सुटायला मदत होते. प्लग लावा आणि गाडी उघड्यावर आणून चालू करा. बंद गोठ्यात अजिबात नाही, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

पहिली दहा मिनिटं धुरावरून काही ठरवू नका. तुम्हीच सोडलेलं ऑइल जळतंय, सायलेन्सरमधली ओल वाफ होऊन निघतेय. पांढरी वाफ विरून गेली तर विषय संपला. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, चोक अडकला असेल किंवा फिल्टर चोंदला असेल. त्यात इंजिन खोलायचं काही कारण नाही.

निळा धूर टिकला तर मात्र तो कधी येतो ते बघा. सकाळी चालू करताना, किंवा उतारावर रेस सोडून परत दिली की भपकन येतो आणि मग थांबतो? तर वॉल्व्हचे सील कडक झालेत. त्याला हेड उतरवावं लागतं, पण बोअर करायची गरज नाही. रेस देऊ तसा सतत येतो, ब्रीदरच्या नळीतूनही धूर फुसफुसतो? तर रिंग किंवा सिलेंडर. खात्री करायला कॉम्प्रेशन तपासून घ्या. चमचाभर ऑइल टाकल्यावर दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर बहुधा वॉल्व्ह. मिस्त्रीला "धूर येतो" एवढंच सांगू नका, हे सगळं सांगा.

आता गळती. डाग खाली दिसतो म्हणून गळतीही खालीच, असं नसतं. ऑइल वरून ओघळतं. रॉकेल किंवा डिझेलने इंजिन थंड असताना स्वच्छ पुसा, कोरडं होऊ द्या आणि वर टाल्कम पावडर भुरभुरवा. पाच-दहा मिनिटं गाडी चालू ठेवून बघा, पावडर सगळ्यात वर जिथे भिजली तिथे खरी गळती. टॅपेट कव्हरची ओ-रिंग, क्लच कव्हरचं पॅकिंग, किकचा आणि गिअर शाफ्टचा सील, ड्रेन बोल्टचा वॉशर ही नेहमीची ठिकाणं. उभ्या गाडीत रबर सुकतं, आखडतं. किरकोळ पाझर कधीकधी गाडी थोडी चालली की आपोआप थांबतो. बोल्ट मात्र जोर लावून आवळू नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले की नवीच कटकट!

आरएक्स 100 किंवा जुनी राजदूत असेल तर वरचं बरंच लागू होत नाही. टू-स्ट्रोक ऑइल जाळतेच, थोडा निळा धूर तिचा स्वभाव आहे. पण धूर फार दाट आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय, तर क्रँकचा सील गेलाय. आरएक्समध्ये ऑइलची टाकी वेगळी असते, उभ्या गाडीत ते ऑइल खाली झिरपून साठतं आणि पहिल्या किकला अख्खी गल्ली धुरात!

तर घाटंजीच्या भाऊ, आधी डिपस्टिकचा फोटो पाठवा. आणि वास कसा येतोय तेही सांगा.