जसा देव, तसे आपण

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी महारवाडा वेशीबाहेर होता आणि मरीआईचे ठाणेही वेशीबाहेरच. लिंबाखाली शेंदूर फासलेले दगड, एवढीच ती देवी. पटकीची साथ आली की आजी म्हणायची, "आई कोपली. आपलंच काहीतरी चुकलं आसंल." पटकी यायची ती घाण पाण्यातून. चांगले पाणी गावच्या विहिरीत होते आणि तिथे आम्हाला बंदी! पण देवी कोपिष्ट मानली की माणूस आपोआप अपराधी ठरतो. पोतराज आसूड ओढायचा, तोही स्वतःच्याच अंगावर.

नावेही तशीच. दगडू, धोंडू, कचरू. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार मूळचे दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या त्यांच्या 'बलुतं'मध्ये हा दगडू शिकल्यासवरल्या दया पवारला आपली कहाणी सांगतो. माणूस एकच, पण स्वतःकडे पाहण्याच्या नजरा दोन.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. आरंभीच्या प्रतिज्ञा जुने देव सोडण्याच्या आहेत आणि नववी माणसांच्या समानतेची. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. शिवाय जुन्या देवांच्या जागी नवा देव बसवला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब सांगतात की, तथागत मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत. कोपणारा गेला, तेव्हा आजीचा अपराधही गेला. दीक्षेनंतर ती गावातून मान वर करून चालायची.

पण परवा घरातच वेगळे पाहिले. सुनेने बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे नवस बोलला. मुलगा दहावी पास झाला तर पाच नारळ वाहीन म्हणे! तिच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. तरी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनीच राजकारणातल्या विभूतिपूजेविषयी सावध केले होते. ज्यांनी हात जोडून उभे राहणे सोडायला शिकवले, त्यांच्याचपुढे आपण पुन्हा मागते व्हायचे?

मी विचारले, "नापास झाला तर बाबासाहेब कोपले म्हणायचं का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भीती वाटते हो, नाना. गणित कच्चं आहे त्याचं."

आता नातू रोज संध्याकाळी वही घेऊन माझ्यापाशी बसतो. बीजगणित मलाही जड जाते. तसबिरीपुढे मेणबत्ती लागते. नवसासाठी आणलेल्या नारळांची मात्र चटणी झाली.