‘ओळखलंत का?’ : उतारवय, विस्मरण आणि विनोद

लग्नाच्या मांडवात किंवा पार्ल्याच्या स्टेशनावरील पुलावर एखादे गृहस्थ समोर येतात, तोंडभर हसतात आणि विचारतात, "काय, ओळखलंत का?" साठी उलटलेल्या माणसास याहून क्रूर प्रश्न दुसरा नाही. नाही म्हणावे तर ते दुखावणार, हो म्हणावे तर "मग सांगा पाहू मी कोण!" हा पुढचा प्रश्न तयारच असतो. आम्ही यावर एक युक्ती काढली होती. "वा! तुम्हाला कोण विसरेल? काय म्हणतंय घर?" असे विचारून वेळ मारून न्यावयाची. घर सर्वांसच असते, आणि त्याचे काही ना काही म्हणणेही असते. युक्ती पुष्कळ दिवस चालली. मग एकदा समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "घर म्हणतंय की तुमची मोरी गळते. दोन महिन्यांपूर्वी आम्ही तुमच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो."

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा थोडा गंभीरपणे विचार करू लागलो. आज वसंतातल्या या व्याख्यानाच्या निमित्ताने तोच आपल्यापुढे मांडावयाचा आहे. प्रश्न तीन आहेत. आपण विसरतो म्हणजे नेमके काय होते? त्यावर हसावे की घाबरावे? आणि नोकरी संपल्यावर उरलेल्या आयुष्याचे करावयाचे काय?

तिसरा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. आपल्या पूर्वजांनी वानप्रस्थाची योजना करून ठेवली होती खरी, पण तेथवर पोचणारे थोडे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आपल्याकडे जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. निवृत्तीचे वय म्हणजे काही निसर्गाने ठरविलेली रेषा नव्हे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळी, १८८९ साली, वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा त्यासाठी वय धरले होते सत्तर. १९१६ मध्ये ते पासष्टावर आणले गेले. आपल्या केंद्र सरकारच्या नोकरीत ही रेषा १९६२ मध्ये पंचावन्नावरून अठ्ठावन्नावर आणि १९९८ मध्ये साठीवर गेली. म्हणजे कागदावरची एक ओळ बदलली की काल ‘निकामी’ ठरणारा माणूस आज दोन वर्षे ‘कामाचा’ ठरतो. ज्या रेषेची जागा इतक्या सहज हलते, तिच्यावरून माणसाने स्वतःची किंमत ठरवू नये, हे उघड आहे. तरीही आपण ती ठरवितो. निरोपाचा नारळ आणि शाल घेऊन घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या लोकलच्या वेळी आम्ही बूट घालून दारात उभे होतो. घरातून आवाज आला, "कुठे निघालात?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. हे विस्मरण नव्हते. पायांना सवय होती आणि डोक्यास बातमी अजून पोचली नव्हती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ‘निवृत्ती’ हा शब्द बहुधा पुरुषांनीच वापरावयाचा. घरातल्या स्त्रीस ना निरोपसमारंभ, ना शाल. उलट नवरा निवृत्त झाला म्हणजे तिचे काम वाढते. दुपारचा एक चहा जास्त, आणि डाळीचे डबे कोणत्या क्रमाने ठेवावेत यावर आयुष्यात प्रथमच ऐकावी लागणारी व्याख्याने. आमच्यातील कित्येक निवृत्तांनी पहिल्या महिन्यात स्वयंपाकघराची पुनर्रचना करावयास घेतली आणि दुसऱ्या महिन्यात त्यांस सन्मानपूर्वक बागेत फिरावयास पाठविण्यात आले.

आता विस्मरणाकडे वळू. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो; पण तिच्यात अर्धेच सत्य आहे. विसरणे हा म्हातारपणाचा खास दागिना नव्हे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून आपण ते किती वेगाने विसरतो याची मोजणी केली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. त्या वेळी तो पस्तिशीत होता. पाठ केलेल्यातील मोठा भाग पहिल्या काही तासांतच गळून जातो, आणि पुढे गळती मंदावते, असे त्यास आढळले. म्हणजे विसरणे हा मेंदूचा नित्याचा व्यवहार आहे. सगळेच लक्षात राहिले असते तर १९७८ सालच्या भाजीचा भावही आज डोक्यात घोळत बसला असता.

वय वाढले म्हणजे या व्यवहारात दोनतीन फरक पडतात. पहिला असा की, आपण ज्यास विसरणे म्हणतो ते पुष्कळदा मुळात नोंदलेलेच नसते. किल्ली ठेवताना मन टेलिफोनच्या घंटीकडे असते. नोंदच झाली नाही तर सापडावयाचे काय? उतारवयात एका वेळी दोन ठिकाणी लक्ष ठेवणे जड जाते, म्हणून अशा कोऱ्या नोंदी वाढतात. दुसरा फरक म्हणजे, नोंद असते पण हाताशी येण्यास वेळ लागतो. शब्द अगदी जिभेवर असतो, त्याचे पहिले अक्षरही आठवते, आणि तरी तो बाहेर पडत नाही. १९६६ साली ब्राउन आणि मॅक्नील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी तो तरुण विद्यार्थ्यांवर केला होता, हे आम्ही आमच्या नातवंडांच्या नजरेस आवर्जून आणून देतो.

सर्वांत आधी दगा देतात ती नावे. याचे कारण सोपे आहे. एखादा माणूस सुतारकाम करतो असे कळले, की त्याच्याबरोबर रंधा, भुसा, लाकडाचा वास, आपल्या घरचे न लागणारे दार हे सारे डोळ्यांपुढे येते. त्या माणसाकडे पोचावयास दहा वाटा होतात. पण एखाद्याचे आडनावच ‘सुतार’ असेल आणि तो बँकेत असेल, तर त्या आडनावाकडे जाणारी वाट एकच, आणि तीही बारीक. म्हणून चेहरा आठवतो, गाव आठवते, त्याच्या मुलीच्या लग्नातील जिलबी आठवते, आणि नाव तेवढे आठवत नाही. यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

उलट जे टिकते तेही मोजले पाहिजे. शब्दसंपत्ती साठीनंतरही पुष्कळ काळ शाबूत राहते. हाताला लागलेली कामे, म्हणजे पोहणे, पुरणपोळी लाटणे, तबल्यावर ठेका धरणे, ही तर फारच उशिरा सोडून जातात. आणि वासाबरोबर येणारी आठवण विलक्षण ताजी असते. आपल्या पार्ल्यात १९२९ पासून बिस्किटांचा कारखाना होता. तेथील उत्पादन २०१६ मध्ये बंद झाले. पण कोठे एखाद्या बेकरीपुढून जाताना भाजल्या पिठाचा आणि साखरेचा तसा वास आला, की आमच्यातील कोणीही क्षणभर थांबतो, आणि पार्ले स्टेशनात शिरणाऱ्या गाडीच्या दारात उभा असतो.

तर मग उपाय काय? जुनेच, पण नेमाने केलेले. किल्लीस एक खिळा, चष्म्यास एक जागा, औषधास आठवड्याचा डबा. पदराला गाठ मारणाऱ्या आमच्या आज्यांना मेंदूचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण उपाय बरोबर सापडला होता. आठवणीचे ओझे डोक्यावर न ठेवता वस्तूवर टाकावयाचे. नवे नाव ऐकताच एकदा मोठ्याने उच्चारावे. ऐकू कमी येत असल्यास कानाचे यंत्र घ्यावे. जे नीट ऐकूच आले नाही ते लक्षात कोठून राहणार?

येथवर हसत हसत आलो. आता जे सांगावयाचे आहे ते हसण्याचे नाही.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळीत एक गृहस्थ होते. हिशेबात पक्के, बोलण्यात खुमासदार. एकदा ते दूध घेऊन परत जाताना स्वतःच्या गल्लीतच चुकले. आम्ही हसलो. तेही हसले. म्हणाले, "बंगले पाडून सगळीकडे एकसारख्या इमारती केल्यात, चुकणार नाही तर काय?" सबब पटण्याजोगी होती, कारण त्या गल्लीतील खुणेची झाडे आणि फाटके खरोखरच गेली होती. पुढे त्यांनी एकच गोष्ट एका सकाळी तीनदा सांगितली; आम्ही तिसऱ्या वेळी बोटांवर मोजून टाळ्या वाजविल्या. मग ते यावयाचे थांबले. आम्हांस वाटले, गुडघे दुखत असतील. कित्येक महिन्यांनी त्यांच्या पत्नी भेटल्या तेव्हा कळले, की पैशाचे हिशेब चुकू लागले होते, गॅस पेटता राहत होता, आणि ‘मंडळी हसतात’ म्हणून त्यांनी घराबाहेर पडणे सोडले होते. तपासणी झाली ती त्यानंतर.

आमच्या विनोदाने त्या माणसाचे वर्ष खाल्ले, हे आम्ही विसरू शकत नाही. विसरण्यावरच्या व्याख्यानात ही एक न विसरण्याजोगी गोष्ट.

म्हणून सीमारेषा नीट समजून घ्यावी. किल्ली कोठे ठेवली हे न आठवणे निराळे, आणि किल्लीचे करतात काय हे न उमगणे निराळे. नाव आठवले नाही पण संध्याकाळी पिठले ढवळताना एकदम आठवले, हे वय. नेहमीच्या वाटेवर हरवणे, नित्याचा व्यवहार न जमणे, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने विचारणे, स्वभाव पालटणे, हे वय नव्हे. ही आजाराची खूण असू शकते. आलोइस आल्त्सहायमर या डॉक्टरांनी १९०६ साली आपल्या एका रुग्णाईत बाईच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले, आणि पुढे हे दुखणे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ते पूर्ण बरे करणारे औषध अद्याप नाही. पण विस्मरण वाढविणारी कित्येक कारणे बरी होण्यासारखी असतात. ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, मनाची दीर्घ उदासी, झोपेच्या काही गोळ्या ही त्यांतील प्रमुख. ती तपासल्यावाचून ‘आता वयच झालं’ म्हणून बसणे ही चूक आहे. शंका आली तर डॉक्टरांकडे जावे, आणि शक्यतो घरचे माणूस बरोबर न्यावे. कारण आपण काय विसरतो हे नेमके आपल्यालाच ठाऊक नसते.

यावरून विनोदाचाही एक नियम निघतो. स्वतःच्या विसराळूपणावर स्वतः हसावे. त्याने भीतीची धार बोथट होते. दुसऱ्याच्या विसरण्यावर त्याने हसल्यावाचून हसू नये, आणि तो हसला तरी त्याच्या डोळ्यांकडे पाहावे.

आता उरला प्रश्न कामाचा. महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. पार्ल्याहून जवळच, जुहूला, त्या विद्यापीठाचे आवार आज आपण पाहतो. एकाहत्तरीत ते परदेशप्रवासास निघाले. १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. १९४४ मध्ये समता संघ. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. रियासतकार सरदेसाई १९२५ मध्ये बडोद्याच्या नोकरीतून मोकळे झाले, आणि पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले ते त्यानंतर. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि काम पूर्ण झाले १९६२ साली. तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते.

ही नावे ऐकून छाती दडपते, हे आम्हांस ठाऊक आहे. आपण काही विद्यापीठ काढणार नाही. पण या थोरांच्या दिनक्रमात एक साधी गोष्ट होती ती आपल्यालाही घेता येते. त्यांचे काम रोज थोडे होते, आणि त्या कामाची कोणीतरी वाट पाहत होते. निवृत्त माणसास पैशाखालोखाल उणीव भासते ती याचीच. उद्या सकाळी आपण गेलो नाही तर कोणाचे काहीतरी अडेल, ही जाणीव माणसास अंथरुणातून उठविते. आपल्या पार्ल्यात १९२१ साली टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ उभा राहिला, तो अशाच जाणिवेच्या माणसांच्या बळावर. शेजारच्या मुलास गणित दाखविणे, दृष्टी गेलेल्या मित्रास वर्तमानपत्र वाचून दाखविणे, वाचनालयात फाटलेली पुस्तके चिकटविणे, यांतील कोणतेही काम लहान नाही. अट एकच, वार आणि वेळ ठरलेली असावी.

आणि ते आमचे गृहस्थ? आम्ही दोघेतिघे त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि एक काम सुचविले. आता दर गुरुवारी भजनात ते टाळ धरतात. त्यांना न्यावयास आणि पोचवावयास पाळीपाळीने एकजण जातो. अभंगाचे शब्द कधी सुटतात. ठेका अद्याप सुटलेला नाही. शिवाय मंडळाने एक ठराव केला, तो सर्व गावाने स्वीकारावा अशी आमची विनंती आहे. यापुढे कोणीही कोणास ‘ओळखलंत का?’ असे विचारावयाचे नाही. भेटताच आधी आपले नाव सांगावयाचे, "नमस्कार, मी अमुक, तमक्या गल्लीतला," आणि मग बोलणे सुरू करावयाचे.

परवा खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आम्हांस जिन्यात तसेच नाव सांगितले. आम्ही ते मोठ्याने उच्चारले, वहीत टिपले आणि दुसऱ्याच दिवशी मोरी दुरुस्त करून घेतली.