हायड्रोजनची गाडी: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

हायड्रोजन हा उद्याच्या जगात अवतरणारा नवा पदार्थ आहे, ही समजूत निदान मुंबईतल्या चेंबूरच्या रहिवाशाने तरी बाळगू नये. कारण शेजारच्या माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत डिझेलमधील गंधक काढण्यासाठी, आणि राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्समध्ये खताला लागणारा अमोनिया सिद्ध करण्यासाठी, हाच वायू कित्येक दशके राबतो आहे. नवे आहे ते त्याला वाहनात बसविण्याचे कसब.

फ्युएल सेलवर चालणाऱ्या गाडीत हा वायू पेट्रोलप्रमाणे जळतो, हीही समजूत चुकीची होय. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९च्या सुमारास दाखविलेल्या तत्त्वानुसार फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन व हवेतील ऑक्सिजन यांचा ज्वालेविना संयोग होऊन वीज उत्पन्न होते, त्या विजेवर मोटर फिरते, आणि मागे केवळ पाणी उरते.

परंतु एवढ्यावरून गाडीस निर्दोषत्वाचा दाखला देणे घाईचे ठरेल. नैसर्गिक वायूवर तप्त वाफेची प्रक्रिया करून हायड्रोजन काढला, तर प्रत्येक किलोमागे सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे रस्त्यावरचा धूर कारखान्याच्या धुराड्याकडे वर्ग होतो, आणि आधीच दूषित हवेने गांजलेल्या चेंबूरकरांना हा हिशेब विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. शिवाय असा वायू कसून शुद्ध करावा लागतो, कारण दहा लाख भागांत ०.२ भागाहून अधिक कार्बन मोनॉक्साइड वाहनाच्या इंधनात चालत नाही. त्याने फ्युएल सेलमधील प्लॅटिनमचा उत्प्रेरक निकामी होऊ लागतो. गंधकाचेही तसेच. म्हणूनच स्वयंपाकाच्या गॅसला देतात तसा गंधकयुक्त पदार्थाचा उग्र वास या वायूस देता येत नाही, आणि गळतीची वर्दी देण्याचे काम संवेदकांवर सोपवावे लागते.

स्फोटाचे भय निराधार नाही, मात्र त्याचे स्वरूप नीट जाणले पाहिजे. हवेपेक्षा सुमारे चौदापट हलका असलेला हा वायू मोकळ्यावर झपाट्याने वर निघून जातो. बंदिस्त छताखाली साचला, तर धोका. वाहनाचा आराखडा काढणाऱ्याने त्याला वर निसटण्याची वाट प्रथम ठेवावी.

या इंधनामुळे वाहनास वाटेल तो आकार देण्याची मुभा मिळते, या कल्पनेला वायूची टाकीच छेद देते. प्रचंड दाब पेलण्यासाठी ती सहसा नळकांडीच्या आकाराची ठेवावी लागते. ऑक्टोबर २०२० मध्ये सीएसआयआर ही वैज्ञानिक संशोधन परिषद आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनी पाच आसनी मोटारीवर चाचणी घेतली, तेव्हा ३५० बार दाबाच्या टाकीत १.७५ किलो हायड्रोजन मावत होता, आणि त्यावर सुमारे २५० किलोमीटरचा पल्ला अपेक्षित होता.

माझे स्पष्ट मत असे, की या इंधनाचे खरे कार्यक्षेत्र डौलदार मोटार हे नव्हेच. वीज वापरून पाण्यातून हायड्रोजन काढणे, तो दाबून भरणे आणि पुन्हा त्याची वीज करणे, या फेऱ्यात मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. शहरातल्या छोट्या गाडीला बॅटरी त्याहून पुष्कळ किफायतशीर पडते. अवजड मालमोटारीची गोष्ट वेगळी, कारण तिथे बॅटरीचे वजन व चार्जिंगचा वेळ मालवाहतुकीच्या मुळावर येतात. स्वित्झर्लंडमध्ये २०२० पासून धावणाऱ्या ह्युंदाईच्या ट्रकांत मिळून सुमारे ३१ किलो हायड्रोजन मावणाऱ्या टाक्या चालकाच्या केबिनमागे बसविलेल्या आहेत. चेंबूरमधील एखाद्या विद्यार्थ्याला भविष्यातील वाहन रेखाटावयाचे असेल, तर त्याने माहुल रस्त्यावरचा टँकर समोर घ्यावा, आणि केबिनमागे किती जागा मोकळी करता येते, हे फूटपट्टीने मोजून पाहावे.