जुन्या जीपचा एवढासा बुश

बल्लारपूरहून कोठारी, गोंडपिपरी, आष्टी करीत आलापल्लीकडे जाणारा रस्ता सागाच्या जंगलातला. अशा रस्त्यांवर जीप फार वर्षे राबली. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. त्या घराण्याच्या जुन्या गाड्या हौसेने जपणारे लोक आजही आहेत.

समजा, अशीच एक जीप बल्लारपूरच्या एखाद्या गॅरेजात आली आहे. तक्रार एवढीच, की इंजिन थंड असताना तेलाच्या दाबाचा काटा ठीक असतो, पण इंजिन तापले की तो खाली उतरतो. पुष्कळजण लगेच पंपाला दोष देतात. पण तेल भलतीकडेच गळत असेल तर पंप बिचारा काय करणार?

इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. या दंडावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक होतो. विलिस इंजिनात हा दंड चार जागी टेकलेला असतो. त्यांपैकी फक्त पुढच्या जागी बदलता येणारा बुश असतो. ही पोलादी नळी असून तिला आतून मऊ पांढऱ्या धातूचा, म्हणजे बॅबिटचा, थर असतो. तेलातला बारीक कण या थरात रुतून बसतो आणि दंडाला ओरखडा पडत नाही. उरलेल्या तीन जागी दंड थेट ब्लॉकच्या बिडात फिरतो.

चारही जागांचे व्यास मात्र वेगळे: पुढून मागे २ ३/१६, २ १/८, २ १/१६ आणि १ ५/८ इंच. असे का? क्षणभर विचार करा. दंड पुढून आत सारायचा असतो. मागचे भाग बारीक असले म्हणजे ते पुढच्या भोकांतून न घासता जातात.

दंड आणि बुश यांच्यात एक ते अडीच हजारांश इंच, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, फट ठेवतात. तीत दाबाने तेल येते आणि दंड त्या तेलावर तरंगतो. आता गंमत पाहा. झिजून फट दुप्पट झाली, की गळती दुप्पट नव्हे तर सुमारे आठपट होते! त्यात तापलेले तेल पातळ. हे तेल चेंबरमध्ये परत पडते खरे, पण त्याच पंपावर अवलंबून असलेल्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना दाब कमी पडतो. म्हणून बाकी सारे इंजिन नवे करून हा बुश तसाच ठेवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

मिस्त्री टॅपेट वर उचलून बांधतो आणि कॅमशाफ्ट ओढून काढतो. जुना बुश काढण्याआधी तेलाचे भोक कोठे येते त्याची खूण करून ठेवतो. नवा बुश हातोडीने थेट ठोकायचा नसतो. पायरी असलेल्या गोल दांड्याने तो सरळ दाबून बसवतात आणि फिरू नये म्हणून कडेला ठोसा मारून पक्का करतात. घट्ट बसताना तो आतून किंचित आवळतो, म्हणून रीमरने मापात आणतात. मागच्या जागांचे बीड झिजले असेल तर ब्लॉक बोर करून तेथेही बुश भरावे लागतात. ते काम मोठ्या यंत्रशाळेचे.

मग तेलवाहिनीत पिचकारीने तेल मारून पाहतात. ते बुशच्या भोकातून बाहेर आलेच पाहिजे. बुश थोडा फिरून बसला तर त्याचे भोक ब्लॉकच्या भोकासमोर येत नाही. गॅरेजात हे कळतही नाही, इंजिन सुरू होते आणि छान चालते. पण कोरडा बुश तापत जातो. कथिलाचा बॅबिट साधारण २४० अंश सेल्सियसला वितळू लागतो, आणि तोवर जीप गोंडपिपरीच्या पुढे जंगलात पोहोचलेली असते.