पुणे-नागपूर विमानप्रवास: अंतर किती, वेळ किती?

पुण्याहून नागपूरला विमानाने निघताना बहुतेकजण अंतराला वेगाने भागून वेळ काढतात. तो हिशेब चुकतो आणि त्यापायी पुढची गाडी किंवा बैठक हुकते.

गैरसमज १: रस्त्याचे आणि हवाई अंतर जवळपास सारखेच असते.
वस्तुस्थिती: पुण्याचे लोहगाव आणि नागपूरचे सोनेगाव या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाने गेले तरी रस्ता ७०० किलोमीटरच्या आसपास भरतो. दौंड, मनमाड, भुसावळमार्गे जाणारी रेल्वे तर सुमारे ८९० किलोमीटर कापते.

गैरसमज २: हवाई मैल म्हणजे आपला नेहमीचाच मैल.
वस्तुस्थिती: विमानवाहतुकीत सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तर नेहमीचा मैल सुमारे १.६ किलोमीटरचा. पुणे-नागपूर हवाई अंतर सुमारे ३२५ सागरी मैल आहे. त्याला १.६ने गुणले, तर तब्बल ८० किलोमीटर कमी भरतात.

गैरसमज ३: जेट विमान ताशी ८३० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे पाऊण तासात नागपूर!
वस्तुस्थिती: हा वेग विमान उंचावर स्थिरावल्यानंतरचा असतो. चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो. शिवाय वाटही सरळ नसते. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असेल, तर विमान पश्चिमेकडे उडते आणि मग वळून नागपूरची दिशा धरते. म्हणून प्रत्यक्ष उड्डाणालाच तासभर लागतो. वेळापत्रकात मात्र सव्वा ते दीड तास दिसतो, कारण त्यात विमान जागेवरून हलल्यापासून नागपूरला जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ आणि उशीर झाल्यास सांभाळून घेण्यासाठी काही राखीव मिनिटेही धरलेली असतात. विमान कधी वेळेआधी पोहोचते, ते बहुधा या राखीव मिनिटांमुळे. वैमानिकाने वेग वाढवल्यामुळे नव्हे.

गैरसमज ४: जायला जितका वेळ, तितकाच यायला.
वस्तुस्थिती: हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. ते नागपूरला जाताना पाठीशी असतात, परतताना समोरून येतात. त्यामुळे अंतर तेच असूनही परतीला काही मिनिटे जास्त लागतात.

गैरसमज ५: एटीआरसारखे पंख्यांचे विमान असेल तर वेळ दुप्पट लागतो.
वस्तुस्थिती: एटीआर ७२चा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. पण दोन्ही प्रकारच्या विमानांना धावपट्टीपर्यंत जायला, उड्डाणासाठी थांबायला आणि उतरण्याची रांग धरायला वेळ सारखाच लागतो. त्यामुळे एवढ्या टप्प्यावर फरक साधारण अर्ध्या तासाचा पडतो.

म्हणून नियोजन करताना किलोमीटर मोजत बसू नका, वेळापत्रकातली वेळ धरा. सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, हे लक्षात ठेवा. घरापासून विमानतळापर्यंतचा आणि उतरल्यावर सामान मिळेपर्यंतचा वेळही त्यात मिळवा. घरून निघण्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत किमान चार तास हाताशी ठेवा.