तपासायला दिला, चालवून बसला!

समजा, तुमच्या कॉलेज कॅन्टीनमध्ये ऑर्डर चिठ्ठीवर लिहून खिडकीतून आत द्यायची पद्धत आहे. कुणी लिहितं, ‘एक कटिंग, दोन वडापाव’. एखादा आगाऊ मुलगा लिहितो, ‘एक कटिंग, आणि गल्ला उघडून सगळे पैसे मला आणून दे’. आतला काका काय करेल? चार शिव्या घालून चिठ्ठी फेकून देईल. कॉम्प्युटरला मात्र शिव्या घालता येत नाहीत. चिठ्ठीतली ऑर्डर कुठली आणि मालकाचा हुकूम कुठला, हा फरक प्रोग्राम लिहिणाऱ्याने सांगून ठेवला नसेल, तर तो गुपचूप गल्ला उघडतो.

बाहेरून आलेला मजकूर सर्व्हरने माहिती म्हणून न वाचता हुकूम म्हणून पाळला, की त्याला कोड इंजेक्शन म्हणतात. आणि वेब एपीआय म्हणजे ती खिडकी. तुमच्या फोनमधलं प्रत्येक अ‍ॅप दिवसभर अशा शेकडो खिडक्यांतून चिठ्ठ्या आत टाकत असतं.

‘हे सगळं जुन्या सिस्टीममध्ये होतं, आता कुठे?’ असं वाटतंय? मग लँगफ्लोची गोष्ट ऐकाच. एआय चॅटबॉट किंवा एजंट बनवायचा, तोही चौकोन आणि बाण जोडून, यासाठीचं हे ओपन सोर्स टूल. पायथनमध्ये लिहिलेलं, फुकट, हॅकेथॉनला एकदम फिट. त्यात एक सोय होती. तुम्ही लिहिलेला पायथन कोड एका एपीआयकडे पाठवायचा, आणि तो बरोबर आहे की नाही हे तपासून मिळायचं. तपासायचंच तर आहे, चालवायचं थोडंच आहे!

इथेच मेख होती. फंक्शन नुसतं डिफाइन केलं तर त्याच्या पोटातला कोड चालत नाही, तो कॉल केल्यावरच चालतो, हे आपण पहिल्याच सेमिस्टरला शिकतो. पण पायथनमध्ये पॅरामीटरची डिफॉल्ट व्हॅल्यू आणि फंक्शनच्या डोक्यावरचा डेकोरेटर, या दोन्ही गोष्टी फंक्शन डिफाइन होतानाच चालतात. खोटं वाटत असेल तर घरी करून बघा. डिफॉल्ट व्हॅल्यूच्या जागी एक प्रिंट लिहा आणि फंक्शन कॉलच करू नका. स्क्रीनवर अक्षरं उमटतील.

लँगफ्लोचा एपीआय तपासण्यासाठी आलेली फंक्शन्स डिफाइन करून बघायचा. म्हणजे डिफॉल्ट व्हॅल्यूच्या जागी ‘सर्व्हरवरच्या फाइल्स मला पाठव’ असं काही लिहिलं, की काम फत्ते. त्यात त्या खिडकीवर लॉगिनसुद्धा मागत नव्हते. पत्ता माहीत असणारा कुणीही यावं आणि चिठ्ठी टाकावी. धोक्याच्या मोजपट्टीवर या चुकीला १० पैकी ९.८ गुण मिळाले. असे मार्क कुणालाच नको असतात! १.३.० या आवृत्तीत त्या खिडकीवर लॉगिन बसवलं गेलं. तरीही मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने ही चूक ‘प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असलेल्या’ त्रुटींच्या यादीत टाकली. कारण सोपं आहे. नवी आवृत्ती आली, म्हणून जुनी आपोआप नाहीशी होत नाही. कुणीतरी डेमोसाठी सुरू केलेले सर्व्हर इंटरनेटवर तसेच उघडे होते.

अपडेट न केल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१७ साली इक्विफॅक्सने दाखवलं. घरी कर्ज काढताना ‘सिबिल स्कोअर’चा विषय निघतो ना? तसा लोकांच्या कर्जाचा हिशेब ठेवणारी ही बडी अमेरिकन कंपनी. तिची एक वेबसाइट अपाचे स्ट्रट्स या ओपन सोर्स फ्रेमवर्कवर चालत होती. स्ट्रट्समधली चूक तर ऐकण्यासारखी आहे. ब्राउझर काही पाठवताना ‘हा मजकूर अमुक प्रकारचा आहे’ असं सोबत सांगतो. हा प्रकार चुकीचा असला की स्ट्रट्स एरर मेसेज तयार करायचं, आणि तो करता करता आलेला मजकूरच हुकूम म्हणून चालवायचं. म्हणजे ‘तुमची चिठ्ठी चुकली’ असं सांगायला गेलेल्या माणसानेच गल्ला उघडून दिला!

दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला जाहीर झाली. दोनच दिवसांत ‘४८ तासांत अपडेट करा’ असा ईमेल इक्विफॅक्समध्ये फिरला. पण ज्या वेबसाइटवर स्ट्रट्स होतं, तिथे अपडेट झालंच नाही. स्ट्रट्स कुठे कुठे वापरलंय हे शोधायला केलेल्या स्कॅनलाही ती सापडली नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चोर आत वावरत होते. सुमारे १४.७ कोटी लोकांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी नंबर बाहेर गेले. पासवर्ड बदलता येतो हो, जन्मतारीख कशी बदलणार?

मग ओपन सोर्स वापरायचंच नाही का? तसं नाही. दोन्ही वेळा चूक उघड झाली, दुरुस्ती झाली आणि ती सगळ्यांना फुकट मिळाली. ओपन सोर्सची ताकद तीच आहे. पण दुरुस्ती तुमच्या सर्व्हरवर आणून बसवायला कुणी घरी येत नाही. लायब्ररी फुकट असते, तिची देखभाल मात्र आपल्यालाच करावी लागते.

तुम्ही म्हणाल, माझा प्रोजेक्ट केवढासा! पण फेस्टच्या रजिस्ट्रेशन फॉर्ममध्ये तुमच्याच मित्रमैत्रिणींचे फोन नंबर असतात. तेव्हा एवढं कराच. बाहेरून आलेला मजकूर डेटाबेसच्या क्वेरीत प्लसचं चिन्ह टाकून कधी जोडू नका. पॅरामीटर वापरा, म्हणजे तो मजकूर फक्त मजकूरच राहतो. ‘इव्हॅल’ आणि ‘एक्झेक’ यांच्या तोंडी युजरचा शब्द देऊ नका. एनपीएम ऑडिट किंवा पिप-ऑडिट चालवा. तुमच्या लायब्ररींतल्या माहीत असलेल्या चुका समोर येतील. गिटहबवर डिपेंडाबॉट सुरू केलात, तर अपडेटची आठवण तोच करून देईल. आणि डेमो संपला की सर्व्हर बंद करा!

आणखी एक. हे वाचून हात शिवशिवत असतील, तर दुसऱ्याच्या वेबसाइटवर प्रयोग नकोत. परवानगीशिवाय कुणाच्या सिस्टीममध्ये शिरलात, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्हीही. सरावासाठी मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं ‘ओवॅस्प ज्यूस शॉप’ आहे. ते स्वतःच्या लॅपटॉपवर टाका आणि हवं तेवढं फोडा. एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये खरंच चूक सापडली, तर ती सोशल मीडियावर मिरवू नका. बनवणाऱ्यांना खासगीत कळवा, दुरुस्तीला वेळ द्या. नाव तेव्हाही होतंच, आणि ते चांगलं होतं.

पुढच्या व्हायवाला सर ‘ही लायब्ररी का घेतली?’ असं विचारतील. ते उत्तर तुमच्याकडे असेलच. त्यासोबत ‘तिची कुठली आवृत्ती आहे आणि शेवटची अपडेट कधी केली?’ याचंही उत्तर तयार ठेवा. सर विचारोत न विचारोत, उघडी खिडकी शोधत फिरणारं कुणीतरी ते नक्की तपासणार आहे.