जुनी पद्मिनी आणि नवी मोटार

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. तेथे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली जुनी प्रीमियर पद्मिनी उभी केली, तर ती केविलवाणीच दिसेल. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर. एअरबॅगचे तर नाव नको. सुरक्षितता आणि धूर या दोन्ही बाबतींत नवी मोटार निःसंशय सरस आहे. जुन्याचे गोडवे गाताना हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु तुलनेची दुसरी बाजूही आहे. पद्मिनी वाटेत बंद पडली, तर कार्बोरेटर साफ करून, प्लग पुसून गावचा मिस्त्री ती पुन्हा चालती करी. आज इंधन केव्हा व किती सोडावे, हे संगणक ठरवितो. दोष शोधण्यासही स्वतंत्र यंत्र लागते आणि त्यासाठीची माहिती बहुधा कंपनीच्याच हाती असते. मोटार आपली, दुरुस्ती मात्र परस्वाधीन!

पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातील गाड्यांना २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, हे योग्यच झाले. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समितीही नेमली. तो हक्क नांदगावसारख्या तालुक्याच्या गावातील गॅरेजपर्यंत पोहोचला पाहिजे. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती खुली करावी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी ती शिकवावी. जुन्या गाड्या जतन करीत असताना त्या जगविणारा मिस्त्री मात्र बेकार व्हावा, हे शहाणपणाचे नव्हे.